कॉलेज पुन्हा प्रत्यक्ष: गॅदरिंग, वसतिगृह, तालमी, मैदान. नेमकी माहिती इथे लिहा

रानजाई | १२ जून २०२२, रात्री ९:१०

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ध्या हजेरीने दारं उघडली तोवर दुसरी लाट आली. २० ऑक्टोबर २०२१ ला दोन डोस झालेल्यांना प्रवेश मिळाला, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे वर्ग पुन्हा ऑनलाइन गेले, फेब्रुवारीत परत भरले. यंदा पाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले निर्बंध उठले आणि उन्हाळी परीक्षाही वर्गात बसून होत आहेत. त्यामुळे आता सुरू होणारं शैक्षणिक वर्ष हे खऱ्या अर्थाने पहिलं पूर्ण प्रत्यक्ष वर्ष.

अडचण कुठे आहे ती आधी मांडते. पदवी तीन वर्षांची. २०२० ला एफवायला प्रवेश घेतलेली मुलं आता टीवायला आली. म्हणजे यंदा जी बॅच सगळं पुढे होऊन करणार, तिने एकही गॅदरिंग पाहिलेलं नाही. मांडववाल्याला उचल किती द्यायची, ग्रीनरूमची किल्ली कुणाकडे असते, पोलीस परवानगीच्या अर्जाला कोणते कागद जोडायचे, ही माहिती कॉलेजात कधीच लिहून ठेवलेली नसते. टीवायचा मुलगा एसवायच्या मुलाला सोबत घेऊन फिरतो आणि ती अशीच पुढे जाते. दोन वर्षं कुणीच कुणाला सोबत घेऊन फिरलं नाही. कॉलेजची इमारत आहे तिथेच आहे, हे ज्ञान मात्र गेलं. ते परत लिहून काढण्यासाठी हा धागा.

सुरुवात कॅलेंडरपासून करते, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. पूर्वीचा क्रम ठरलेला होता: जुलैत स्वागत समारंभ, ऑगस्ट-सप्टेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव, दिवाळीच्या आसपास सत्र परीक्षा, डिसेंबर-जानेवारीत एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर, जानेवारी-फेब्रुवारीत गॅदरिंग. यंदा सीईटी, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षाच, ऑगस्टमध्ये आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पहिलं वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आधी येत नाही. जुनी तारीख तशीच ठेवली तर पहिल्या वर्षाची अंतर्गत परीक्षा आणि गॅदरिंग एकाच आठवड्यात येतील. म्हणून तारीख ठरवायच्या बैठकीत सांस्कृतिक विभाग, परीक्षा विभाग, जिमखाना आणि एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी हे चौघं एका टेबलावर हवेत, आणि ठरलेलं इतिवृत्तात लिहिलेलं हवं.

पैशांचं: तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, प्राचार्यांची मंजुरी, मग कार्यादेश. मांडव, साउंड, लाइट यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. दरपत्रक घेताना जीएसटीसह की शिवाय हे लिहून घ्या, नाहीतर बजेट तिथेच फुटतं. एका कामाचं बिल ३०,००० च्या वर गेलं की टीडीएस (बिलातूनच कापायचा आयकर) कापावा लागतो: एकट्या व्यक्तीच्या नावे असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. हे कंत्राटदाराला आधी सांगितलं नाही तर बिलाच्या दिवशी वाद ठरलेला.

---

सीआर_एसवाय | १२ जून २०२२, रात्री १०:०२

मॅडम, आमच्या वर्गातली मुलं लेक्चरलाच पूर्ण येत नाहीत, कार्यक्रमाला कशी येतील? आणि एका गॅदरिंगमध्ये किती आयटम ठेवायचे? ऑनलाइन कार्यक्रमात ज्याने व्हिडिओ पाठवला त्याचा लावला जायचा, म्हणून सगळ्यांना वाटतंय की यंदाही सगळे घेतील.

---

रानजाई | १३ जून २०२२, सकाळी ७:४५

आयटमचा हिशोब वेळेवरून करायचा. एक आयटम सरासरी साडेचार मिनिटं. दोन आयटममध्ये मंच मोकळा करणं, पुढचे उभे राहणं आणि निवेदन मिळून दीड मिनिट. पाहुणे, अहवालवाचन आणि बक्षिसं यांना चाळीस मिनिटं. तीस आयटम धरले तर १३५ अधिक ४५ अधिक ४०, म्हणजे २२० मिनिटं. सहाला सुरू केलं तर ९:४० ला संपतं. चाळीस घेतले तर पावणेअकरा वाजत येतात, आणि उघड्या मैदानावर दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. तेव्हा तीस ही वरची मर्यादा. निवड चाचणी घ्यायची, आणि ती ऑगस्टमध्येच जाहीर करायची म्हणजे वगळलेल्यांना वाईट वाटलं तरी अन्याय वाटत नाही.

मुलं येत नाहीत, कारण त्यांची आपसांत ओळखच नाही. दोन वर्षं चौकोनात नावं पाहिली, तीही कॅमेरे बंद असताना. वर्गावार जबाबदारी द्या: मंच, प्रवेशद्वार, पाणी, ग्रीनरूम, बक्षिसं. प्रेक्षक म्हणून न येणारा मुलगा काम दिलं की येतो. पन्नास स्वयंसेवक हवे असतील तर सत्तर नावं घ्या.

एक कळकळीचं सांगणं: यंदा पहिलं आणि दुसरं वर्ष, दोन्ही बॅचेस कॅम्पसला जवळपास नवख्या आहेत. एसवायला आपण सीनियर झालो असं वाटेल, पण जुनं वातावरण त्यांनीही पाहिलेलं नाही. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रं दोन्ही वर्षांकडून भरून घ्या. १८००-१८०-५५२२ हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावा. फिशपाँड आणि शेलापागोट्यांच्या चिठ्ठ्या दोन शिक्षकांनी आणि दोन विद्यार्थ्यांनी आधी वाचल्याशिवाय माइकवर जाऊ देऊ नका. रंग, जात, वजन, कुणाचं प्रेमप्रकरण यावरची चिठ्ठी थेट बाजूला काढायची. अंतर्गत तक्रार समितीच्या किमान दोन सदस्या कार्यक्रम संपेपर्यंत मैदानावर हव्यात आणि त्या कुठे बसल्या आहेत हे निवेदनात सांगितलं गेलं पाहिजे.

---

तीनफेज | १३ जून २०२२, दुपारी २:३०

साउंड-लाइटचं लिहितो. कॉलेजवाले फोन करून "किती वॅटचा साउंड देता" एवढंच विचारतात. त्याआधी वीज विचारायला हवी.

एक नेहमीचा लोड मांडू. एलईडी पार (मंचावरचे रंगीत दिवे) २४, प्रत्येकी २०० वॅट, म्हणजे ४.८ किलोवॅट. मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे) चार, मिळून दीड किलोवॅट. नाटकासाठी जुने हजार वॅटचे स्पॉट सहा, म्हणजे ६. साउंड ५ धरा. मागे बारा बाय आठ फुटांची एलईडी वॉल असेल तर पूर्ण पांढऱ्या चित्राला ६ पर्यंत जाते. ग्रीनरूमचे पंखे, दिवे, इस्त्री यांना २. एकूण पंचवीसच्या आसपास. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ३१ केव्हीए. जनरेटर सत्तर टक्क्यांच्या वर ताणायचा नाही, म्हणजे ४५ तरी लागतो. कॉलेजच्या सभागृहाच्या मीटरवरून हे सगळं ओढायला जाल तर पहिल्या समूहनृत्यालाच मुख्य स्विच उडेल.

लाइट एका फेजवर, साउंड दुसऱ्या फेजवर, ग्रीनरूम आणि मैदानाचे दिवे तिसऱ्यावर. फेज वेगळे असले तरी साउंडचं सगळं सामान, म्हणजे मिक्सर, अँप्लिफायर आणि निवेदकाचा लॅपटॉप, एकाच बोर्डवरून घ्या. लॅपटॉप दुसऱ्या सॉकेटवर लावला की अर्थिंगच्या फरकाने स्पीकरमध्ये जी घरघर येते ती मिक्सरवरून जात नाही. मंचाच्या बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. लोखंडी पाइपाचा मंच, वर पाणी सांडलेलं आणि अनवाणी नाचणारी मुलं, इथे तडजोड नको. दोन वर्षं बंद असलेल्या सभागृहातली वायर उंदरांनी कुरतडलेली असते, म्हणून वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. इन्सुलेशन एक मेगओहमच्या खाली दाखवलं तर ती लाइन वापरू नका.

गाण्यांचे ट्रॅक तीन दिवस आधी, एकाच पेनड्राइव्हवर. फाइलच्या नावात आधी क्रमांक, मग प्रकार, मग प्रमुख कलाकाराचं नाव, असं: ०७_समूहनृत्य_अमुक. ऐनवेळी मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवू नका. मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि रिंगटोन मैदानभर ऐकू जाते. ऑनलाइनच्या काळातली मुलं व्हिडिओतून काढलेला आवाज आणून देतात. तो मोठ्या स्पीकरवर पत्र्यासारखा वाजतो. मूळ फाइल ३२० केबीपीएसची मागा.

माइक शिट्टी मारतो त्याचं कारण दहातल्या नऊ वेळा एकच: माइक घेतलेला माणूस मुख्य स्पीकरच्या रेषेपुढे येऊन उभा राहतो. मंचावर खडूने रेघ मारा आणि निवेदकाला सांगा, हिच्यापुढे यायचं नाही. कॉर्डलेस माइकचे सेल चार तासांच्या हिशोबाने बदला, दिवा लाल व्हायची वाट बघू नका.

---

मुळाकाठ | १३ जून २०२२, सायंकाळी ६:१५

आता ऑनलाइनची सोय हाताशी आहे तर थेट प्रक्षेपणही ठेवावं, असं मत आहे. गावाकडचे पालक आणि माजी विद्यार्थी पाहू शकतात. निर्बंध उठले म्हणून ते सगळं टाकून द्यायचं का?

---

तीनफेज | १३ जून २०२२, सायंकाळी ७:०५

ठेवा, पण मोबाइल डेटावर अवलंबून राहू नका. मैदानात हजार जण जमले की टॉवर जाम होतो आणि चित्र थांबतं. ऑफिसातून लॅन केबल ओढा. पूर्ण एचडीला सहा ते आठ एमबीपीएस अपलोड सतत मिळायला हवा. शंभर मीटरच्या पुढे साधी लॅन केबल चालत नाही, मध्ये स्विच टाकावा लागतो. आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून घेऊ नका, मिक्सरमधून वेगळी लाइन काढून घ्या.

---

रानजाई | १३ जून २०२२, रात्री ९:३०

प्रक्षेपणाला कायद्याचीही बाजू आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेलं सादरीकरण, किंवा ध्वनिमुद्रण वाजवणं, जर समोर विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकच असतील. यूट्यूबवर सगळ्या जगाला खुलं प्रक्षेपण या चौकटीत बसत नाही, आणि व्यवहारात काय होतं तर फिल्मी गाणं लागताच आवाज बंद होतो किंवा प्रक्षेपणच तुटतं. भाषणं, बक्षिसं, एकांकिका आणि मुलांनी स्वतः रचलेलं संगीत प्रक्षेपित करा, फिल्मी नृत्यांच्या वेळी मैदानाचं दृश्य ठेवा. बाहेरचा कलाकार तिकीट लावून आणणार असाल तर सवलत विसरा आणि गाण्यांचा परवाना आधी काढा. एकांकिकेला लेखकाची लेखी परवानगी प्रत्येक वेळी घ्या. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आयोजक मागतात, संहिता तिथे पाठवायला उशीर करू नका.

पोलीस परवानगी: शैक्षणिक संस्थेभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर ध्वनिप्रदूषण नियम २००० खाली शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. आपलं स्वतःचं कॉलेज असलं तरी ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागतेच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच मिळते, तुमच्या तारखेला ती आहे असं धरून चालू नका. अर्ज पंधरा दिवस आधी द्या. सोबत प्राचार्यांचं पत्र, मैदानाचा नकाशा, अपेक्षित संख्या, साउंडवाल्याचं नाव आणि जबाबदार शिक्षकांचे मोबाइल क्रमांक. मांडवासाठी अग्निशमन दलाचा दाखला वेगळा.

---

कृष्णाकाठ | १५ जून २०२२, सकाळी ११:२०

वसतिगृहाचं. विद्यार्थी यायच्या किमान तीन आठवडे आधी पाण्यापासून सुरुवात करा. टाकी उपसून घासल्यावर निर्जंतुकीकरणाला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन. दहा हजार लिटरच्या टाकीला ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर दीड किलो. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणी ओता. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, मग बंद करून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळं सोडून द्या. हे पाणी पिऊ नये अशी पाटी प्रत्येक नळावर. त्यानंतर रोजचा डोस दहा हजार लिटरला पंचवीस ग्रॅम, आणि अर्ध्या तासाने शेवटच्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून पाहायची). तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी दिसलं पाहिजे. मागच्या वर्षीचं उघडं पोतं वापरू नका. दमट हवेत पावडरीची ताकद निघून जाते आणि प्रमाण बरोबर असूनही चाचणीत काहीच दिसत नाही.

बंद पडलेल्या पाइपात साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, म्हणून प्रत्येक शॉवर आणि नळ खिडक्या उघड्या ठेवून दहा मिनिटं वाहू द्या. गीझर ६० अंशांवर तापवून एकदा रिकामा करा. मेसची गॅसलाइन साबणाच्या पाण्याने तपासून घ्या, रबरी नळ्या सरसकट बदला. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते पाहा. अग्निसुरक्षा कायद्याखालचा फॉर्म बी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो, बंद काळात तो अनेक ठिकाणी राहून गेलेला आहे. पहिली मुलगी किंवा मुलगा खोलीत राहायला यायच्या आधी तो हातात हवा.

मेसचा अंदाज पहिले पंधरा दिवस चुकतोच, कारण नोंदणी एक आणि जेवायला दुसरेच. आदल्या संध्याकाळी टोकन घ्या.

---

ब्युरेट | १५ जून २०२२, दुपारी १:४०

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात, पण हे चुकवू नका. डायएथिल ईथरची दोन वर्षं पडून राहिलेली बाटली असेल तर ती उघडू नका. हवेशी संपर्क येऊन त्यात पेरॉक्साइड तयार होतं. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर हलवूसुद्धा नका. खोली बंद करून विभागप्रमुखांमार्फत घातक कचरा हाताळणाऱ्या संस्थेला बोलवा. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड कोरडा पडला असेल तर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवा, मग ४ आणि ७ च्या बफरवर तपासा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर कोकण-मुंबईकडे बुरशीची जाळी धरलेली असते. ती वेळीच पुसली तर जाते, काचेच्या लेपात शिरली की जात नाही. काचेच्या चावीची ब्युरेट सोडियम हायड्रॉक्साइडसह तशीच राहिली असेल तर चावी बसलेली असणार. जोर लावू नका, कोमट पाण्यात ठेवा.

आणि एसवायच्या मुलांनी पिपेट हातात धरलेली नाही, हे गृहीत धरून पहिले दोन आठवडे नुसता हात बसवण्यासाठी ठेवा.

---

शिबिरकर | १८ जून २०२२, सकाळी ८:००

स्वयंसेवकांच्या नाश्त्याची विचारणा व्यक्तिगत निरोपात आली, इथेच लिहितो. शंभर जणांना कांदेपोहे: जाडे पोहे साडेसात किलो, कांदा चार किलो, तेल दीड लिटर, शेंगदाणे एक किलो, मिरची पाव किलो, लिंबं पंचवीस, कोथिंबिरीच्या चार जुड्या. पोहे एकदम भिजवायचे नाहीत, दोन-दोन किलोच्या खेपा करायच्या. एकदम भिजवले की खालचे गोळा होतात आणि वरचे कोरडे राहतात. चहाला माणशी शंभर मिलिलिटर, दोनदा. सकाळी केलेली बटाट्याची भाजी आणि भात संध्याकाळच्या तालमीला वाढू नका, चार तासांच्या आत संपलं पाहिजे. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना झाकून फ्रीजमध्ये चोवीस तास ठेवा. कुणाचं पोट बिघडलं तर डॉक्टरांना तोच उपयोगी पडतो.

एनएसएसच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराबाबत: नियमित कामाचे वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत एक शिबिर, हे प्रमाणपत्राचं गणित मुलांना जुलैतच सांगा. टीवायच्या ज्यांचं शिबिर बंद काळात झालं नाही त्यांची वेगळी यादी करून विद्यापीठाच्या एनएसएस कक्षाला आताच पत्र द्या.

---

पडदा | २० सप्टेंबर २०२२, रात्री ११:१५

धागा वर आणतोय. पुरुषोत्तम करंडक या पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत यंदा परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची मानली नाही आणि करंडक कुणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. निर्णयावर दोन्ही बाजूंनी जोरात बोललं जातंय. मला परीक्षकांपेक्षा तालमीबद्दल बोलायचं आहे. माहिती पुढच्या बॅचकडे गेलीच नाही असं रानजाईताईंनी जूनमध्ये लिहिलं, त्याचाच हा परिणाम आहे असं माझं ठाम मत आहे.

एकांकिका बसवणं कॉलेजात पुस्तकातून शिकवलं जात नाही. नवा मुलगा पहिल्या वर्षी नेपथ्य उचलतो, दुसऱ्या वर्षी छोटी भूमिका किंवा प्रकाशयोजना, तिसऱ्या वर्षी दिग्दर्शन. यंदाचा दिग्दर्शक नेपथ्य न उचलता थेट तिसऱ्या पायरीवर आला. कॅमेऱ्यासमोर जमवलेला अभिनय चेहऱ्याजवळचा असतो, भरत नाट्य मंदिरातल्या शेवटच्या रांगेला तो दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

तेव्हा पुढच्या वर्षासाठी. आठ आठवडे धरा. पहिले दोन आठवडे फक्त वाचन, संहिता हातात, बसून. लेखन कच्चं असेल तर ते इथेच कळतं आणि इथेच दुरुस्त होतं. उभं राहिल्यावर कुणाला संहिता बदलायची इच्छा उरत नाही. पुढचे तीन आठवडे हालचाली. सहाव्या आठवड्यापासून संहिता हातात नको, प्रॉम्प्टर बसवा. सातव्यात नेपथ्य आणि वस्तूंसह. आठव्यात तीन रंगीत तालमी, घड्याळ लावून.

आवाजासाठी माइक नको. रिकाम्या सभागृहात एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि त्याने प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द लिहून काढायचा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नवखा नट नेमका शेवटी आवाज पाडतो, मग वाक्याचा अर्थच हरवतो. भरलेलं सभागृह आवाज शोषून घेतं, म्हणून रिकाम्या सभागृहात जेमतेम पोहोचणारा आवाज प्रयोगात पुरत नाही.

नेपथ्य लावणं आणि काढणं याची वेगळी तालीम घ्या, माणूस आणि वस्तू यांची यादी करून. कुणी काय उचलायचं आणि कोणत्या विंगेतून न्यायचं. वेळ जातो तो सामानाने जात नाही, दोघं समोरासमोर एकाच विंगेत अडकतात म्हणून जातो.

---

सीआर_एसवाय | २१ सप्टेंबर २०२२, सकाळी ९:२०

सर, ज्यांनी आधी काहीच केलं नाही त्यांना दिग्दर्शन द्यायचंच नाही का? मग आमच्या बॅचला संधीच नाही.

---

पडदा | २१ सप्टेंबर २०२२, दुपारी १२:००

द्यायचं, जरूर द्यायचं. सोबत २०१९ च्या आधीच्या बॅचमधला एखादा माजी विद्यार्थी बसवा. त्याने सूचना फक्त दिग्दर्शकाला द्यायच्या, नटांना थेट नाही, आणि दिग्दर्शनात हात घालायचा नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरते. स्पर्धेचे नियम बाहेरच्या मदतीबद्दल काय म्हणतात ते आधी वाचा. शिवाय आत्तापासूनच एफवायच्या दोघांना प्रत्येक तालमीला बसवा, काम नसलं तरी.

---

रानजाई | ४ मार्च २०२३, सायंकाळी ५:३०

बहुतेक ठिकाणची गॅदरिंगं उरकली. आता आठवड्याभरात करायचं काम: हस्तांतराची फाइल. बिलांच्या प्रती, अर्जांच्या प्रती, मंचाचा मापासह नकाशा, विजेचा लोड, आयटमांची प्रत्यक्ष लागलेली वेळ, कंत्राटदारांचे क्रमांक, आणि "काय चुकलं" असं एक स्वतंत्र पान, जे विद्यार्थ्यांनी लिहायचं. एक प्रत सांस्कृतिक विभागात, एक ग्रंथालयात नोंद करून. ग्रंथालयात यासाठी की शिक्षक बदलून गेले तरी ती तिथे राहते. मुलं परीक्षेला बसली की हे काम होत नाही.

---

तीनफेज | २७ नोव्हेंबर २०२३, सकाळी १०:४५

शनिवारी, २५ तारखेला, कोचीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात टेक फेस्टच्या गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली. चार जण गेले, साठहून अधिक जखमी. खुलं सभागृह, दारातून आत शिरताच खाली उतरत्या पायऱ्या, बाहेर थांबलेली गर्दी, आणि पाऊस आल्यावर सगळे एकदम आत. पुढचे पायऱ्यांवर पडले, मागच्यांना ते दिसलं नाही. कॉलेजच्या वयाची मुलं. आपल्याकडे गॅदरिंगचा हंगाम महिन्यावर आलाय. हे आज लिहिलंच पाहिजे.

मैदानाची क्षमता अंदाजाने सांगू नका, मोजा. खुर्च्यांच्या मांडणीला राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी ०.६ चौरस मीटर धरतात. शंभर बाय साठ फुटांचं मैदान साधारण ५५७ चौरस मीटर. मंचासमोरची मोकळी जागा, मधल्या वाटा आणि साउंडचा चौथरा काढून चारशे उरतात, म्हणजे साडेसहाशे माणसं. हजार नाहीत. उभी गर्दी चौरस मीटरला चारच्या वर गेली की माणसाला स्वतःच्या मर्जीने वळता येत नाही. पाचला धोका सुरू होतो. मंचापुढे हात वर करून नाचणारा घोळका या आकड्याला फार लवकर पोहोचतो.

बाहेर पडायचं गणित: सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८० च्या आसपास माणसं जातात, पायऱ्यांवर ६५ च्या आसपास. साडेसहाशे माणसांना दोन मीटरची दोन फाटकं असतील तर दोन मिनिटं लागतात. एकच फाटक, त्याचंही एक दार साखळीने बांधलेलं, बाकी वाट एक मीटर: आठ मिनिटं. मांडवाला आग लागली तर आठ मिनिटं मिळत नाहीत.

---

कृष्णाकाठ | २७ नोव्हेंबर २०२३, दुपारी ३:१०

यात प्रवेशाचंही जोडा. आयकार्ड पाहून एक स्वयंसेवक मिनिटाला आठ-दहा जणांना सोडतो. साडेसहाशे जण पाऊण तासात आत घ्यायचे तर दोन रांगा कशाबशा पुरतात, तीन ठेवा. फाटक कार्यक्रमाच्या दीड तास आधी उघडा. कलाकाराची साउंड चाचणी चालू आहे म्हणून मुलांना बाहेर ताटकळत ठेवणं बंद करा, चाचणी दुपारीच संपवा. रांग पायऱ्यांवर किंवा उतारावर कधीच उभी करायची नाही, सपाट जागेवर वळणं देऊन उभी करा. बाहेरच्या कॉलेजच्या मुलांना प्रवेश आहे की नाही हे पोस्टरवर ठळक छापा. नसेल तर फाटकावर वाद होतो आणि मागची रांग दाबत राहते.

पाऊस किंवा वीज गेल्यावर काय होणार हे कार्यक्रम सुरू होतानाच माइकवरून सांगा. जनरेटर पडला तरी चालेल असा बॅटरीवरचा भोंगा निवेदकाजवळ असू द्या, कारण अंधारात माणसं ऐकू येणाऱ्या आवाजाकडे लक्ष देतात.

---

सीआर_एसवाय | २८ नोव्हेंबर २०२३, रात्री ८:३५

आता मी माजी विद्यार्थी म्हणून मदतीला जातो, नाव जुनंच राहिलंय. आमच्याकडे मैदानाला मागच्या बाजूला दुसरं फाटक आहे, पण तिथून बाहेरचे लोक शिरतात म्हणून कुलूप लावतात. सुरक्षारक्षक म्हणतात, किल्ली ऑफिसात आहे, लागली तर आणू. हे चालेल का?

---

तीनफेज | २८ नोव्हेंबर २०२३, रात्री ९:०५

नाही. कार्यक्रम चालू असताना कुलूप नको. दार नुसतं लोटलेलं ठेवा, आतून ढकललं की बाहेर उघडेल असं, आणि तिथे एक रक्षक व दोन स्वयंसेवक शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उभे करा. त्यांचं काम बाहेरच्यांना अडवणं आणि गरज पडताच दोन्ही दारं पूर्ण उघडणं. फाटकाच्या बाहेर दहा मीटरपर्यंत दुचाकी लावू देऊ नका. दार उघडलं आणि समोर गाड्यांची रांग असली तर ते नसल्यासारखंच आहे. वर हिरवा "बाहेर" फलक बॅटरीवर चालणारा लावा. दार आत उघडणारं असेल तर बिजागऱ्या बदलून घ्यायला फॅब्रिकेटरला एक दिवस लागतो, या आठवड्यात सांगितलंत तर जानेवारीच्या आत होईल.

---

रानजाई | २८ नोव्हेंबर २०२३, रात्री ९:४०

फाटकाबद्दलचं हे सगळं प्राचार्यांच्या नावे लेखी द्या, तोंडी नको. आवक क्रमांक घ्या आणि एक प्रत हस्तांतराच्या फाइलला लावा. नकाशावर दोन्ही फाटकांची रुंदी मीटरमध्ये लिहा. पोलीस ठाण्याला आणि अग्निशमन दलाला जाणाऱ्या अर्जासोबत हाच नकाशा जोडायचा. १०८ ची रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येणार तेही त्याच कागदावर दाखवा, आणि त्या रस्त्यावर मांडवाचे दोर बांधू नका.